डॉक्टरची गाडी, ४१,८६० किलोमीटर

“डॉक्टरची गाडी हाय मॅडम. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बास.”

एजंट ‘मॅडम’ मला म्हणत होता आणि बघत होता आमच्या ह्यांच्याकडं. गाडी मी घेणार होते, पैसे माझ्या रिकरिंगचे होते, पण असो. एमएच ०९ म्हणजे आमच्या कोल्हापूरचीच, २०१७ ची पांढरी डिझेल, मीटरवर ४१,८६०. डॅशबोर्डला असलं पॉलिश मारलेलं की हात घसरावा. मी भुलले आणि पाच हजार टोकन तिथंच देऊन आले. तुम्ही देऊ नका. आधी तपासणी, मग टोकन.

रात्री जेवताना सासरे म्हणाले, “कमी पळवायचीच होती तर डॉक्टरनं डिझेल कशाला घेतली?” डिझेल घेतात ती जास्त पळवायला. घास तसाच राहिला हातात.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेस्त्रीला घेऊन गेले. उद्यमनगरातला माणूस, बोलतो कमी. त्यानं आधी खाली वाकून पेडल बघितले. क्लचचं रबर झिजून गुळगुळीत, म्हणजे गाडी भरपूर पळालेली. शेजारचं ब्रेकचं मात्र कोरं करकरीत, बदललेलं. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायरवर ३८२१. म्हणजे २०२१ च्या सप्टेंबरातले. मीटरच्या हिशेबानं वर्षाला सहा हजार धरले, तर तोवर गाडी जेमतेम चोवीस-पंचवीस हजार झालेली. तेवढ्यात चारही टायर संपले? स्टेअरिंगखालच्या सॉकेटला त्यानं स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर पुसल्यापासून गाडी किती चालली हे त्यात दिसतं. ३१२ किलोमीटर. “कुणीतरी नुकतंच पुसलंय,” एवढंच बोलला. आता जुन्या मीटरसारखी आकड्यांची चाकं उलटी फिरवावी लागत नाहीत. आकडा मीटरमधल्या चिपमध्ये असतो, लॅपटॉप जोडून बदलता येतो. एजंट लांब उभा राहून मावा चोळत होता.

पण हे सगळं अंदाजपंचे. कागद पाहिजे होता. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर दर सर्व्हिसिंगला किलोमीटर लिहिले जातात आणि ते त्यांच्या कॉम्प्युटरवर राहतात. म्हणून गेले. माझं डोकं जे फिरलं ते इथं.

पहिल्या दिवशी अर्धी रजा टाकली. टोकन मशीनचा नंबर, सोफा, चहाचं बंद पडलेलं मशीन. पाऊण तासानं काउंटरवरच्या पोरानं गाडीचा नंबर टाकला. स्क्रीन उघडली. त्याचे डोळे वरून खाली ओळीओळीनं उतरताना मला दिसले, आठ-दहा ओळी तरी असतील. मग त्यानं मॉनिटर हळूच स्वतःकडं वळवला.

“हिस्ट्री आहे मॅडम. पण दाखवता येत नाही. मालकाला घेऊन या.”

“फक्त शेवटचा आकडा सांगा.”

“सिस्टिम अलाऊ करत नाही.”

सिस्टिम करत नव्हती की तो, देव जाणे. आकडा माझ्यापासून दोन फुटांवर होता.

दुसऱ्या खेपेला आरसीची झेरॉक्स आणि मालकाच्या सहीचे फॉर्म २९, ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, नेले. एजंट लोक ह्या फॉर्मवर मालकाच्या सह्या आधीच घेऊन ठेवतात. ते बघून काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “सही चालत नाही, मालकाच्या नंबरवर ओटीपी जाणार.” मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? विचारलं तर म्हणे, तुम्ही विचारलं नाही. एजंटला फोन लावला, मालकाचा ओटीपी मागवून दे म्हटलं. मालक गावाला गेलेत. दोन दिवसांनी, मालकांचा फोन बंद आहे. त्यानंतर एजंटचाच बंद.

खरं सांगते, मी स्वतः पतसंस्थेत काउंटरला बसते. खातेदाराशिवाय बॅलन्स सांगत नाही हे वाक्य मी रोज दहा वेळा बोलते आणि ते बरोबरच आहे. नियमाबद्दल तक्रार नाही. पण काय काय लागेल ते एका दमात सांगावं की! हप्त्याहप्त्यानं सांगितलं की माणसाची रजा जाते. तिसऱ्या खेपेला तर तो पोरगा सुट्टीवर, आणि शेजारची मुलगी म्हणाली ते काम त्यांच्याकडंच असतं.

शेवटी रविवारी आरसीवरच्या पत्त्यावर गेलो. मुरगूड. घर लगेच सापडलं, कारण डॉक्टर कुठं राहतात विचारल्यावर एकानं उलट विचारलं, “म्हैस काय करायला लागलीय?”

जनावरांचे डॉक्टर! एजंट एका अर्थी खोटं बोललाच नव्हता. त्यांचा दवाखाना म्हणजे पंचक्रोशीतले गोठे. साठीचा माणूस, बाहेर खाटेवर बसलेला. बेचाळीस हजार ऐकून हसायलाच लागला. “अहो ताई, तेवढी तर तीन वर्षांत झाली हुती! रोजचं चाळीस-पन्नास किलोमीटर कुठं गेलं नाही. नव्वदच्या वर दिलीया मी.” फोन बंद वगैरे काही नव्हता, एजंटनं त्यांना कधी फोनच केला नव्हता. चहा नको म्हटलं तर दूध प्यायला लावलं.

सोमवारी चौथी खेप. काउंटरवरून ओटीपी सोडला, डॉक्टर गोठ्यात, रेंज नाही, ओटीपीची मुदत संपली. परत सोडला. ह्या वेळी त्यांनी एकेक आकडा ओरडून सांगितला आणि मागं म्हैस हंबरत होती. प्रिंटरमधून कागद आला. ऑगस्ट २०२३, ८८,१०५. मार्च २०२४, ९६,४१८. त्याच्या खाली काही नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

एजंटला दाखवला तर म्हणाला, “आमच्याकडं आली तशीच हाय, आम्ही मीटरला हात लावत न्हाई.” १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ताब्यातली गाडी कुठं, किती फिरली याची नोंदही ठेवावी लागते. मी म्हटलं, दाखवा ती नोंद. त्यानं चहा मागवला. पाच हजारांतले चार परत मिळाले, तेही तीन आठवड्यांनी. हजार म्हणे पॉलिशचे.

आणि परिवहनच्या ॲपवर विसंबू नका. मालक कितवा, इन्शुरन्स, पीयूसी, कर्जाचा बोजा हे तिथं कळतं, ते बघाच, पण किलोमीटर तिथं नसतात. एखाद्या गाडीचा इन्शुरन्स मध्येच तुटला असेल तर नवा काढताना कंपनी बहुतेक वेळा गाडीचे फोटो घेते, त्यात मीटरचाही असतो. मालकाकडं तो मागायचा.

हां, फास्टॅगचं राहिलंच. आमच्या ह्यांना हे नंतर सुचलं आणि आता जो भेटेल त्याला सांगत सुटलेत. मालकाकडून फास्टॅगचं स्टेटमेंट घ्यायचं आणि पुण्याच्या वाटेवरच्या किणी टोलनाक्याच्या नोंदी मोजायच्या. कोल्हापुरातनं पुण्याला जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर होतात. महिन्यातून दोनदा जाणाऱ्याचे वर्षाला दहा हजार तिथंच झाले. अर्थात आमच्या डॉक्टरांच्या गाडीला ह्याचा काही उपयोग झाला नसता. गोठ्यांच्या वाटेवर कुठला आलाय टोलनाका!