आधार "लिंक आहे", तरी पैसे दुसऱ्याच बँकेत (माझा अनुभव)

जे मला चार महिन्यांनी कळलं ते आधीच सांगून टाकतो, निदान कुणाच्या तरी दोन फेऱ्या वाचतील. बँक खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी योजनेचे पैसे त्या खात्यावर येणं वेगळं. आधार तुम्ही चार बँकांत दिलं असेल तर चारही ठिकाणी लिंक दिसेल, पण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यावर येणारे पैसे एकाच बँकेत जातात, एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणारी संस्था) मॅपरमध्ये, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे त्या यादीत, तुमच्या आधारसमोर सगळ्यात शेवटी जिचं नाव चढलंय त्या बँकेत. एवढी एक ओळ काउंटरवरच्या माणसाने सांगितली असती तर आमच्या आबांना ऑक्टोबरच्या उन्हात तालुक्याला हेलपाटे घालावे लागले नसते.

झालं असं की पीएम किसानचा 16 वा हप्ता फेब्रुवारी 2024 मध्ये यवतमाळहून सोडला तो आबांच्या नेहमीच्या खात्यावर नीट आला. जूनमधला 17 वा आला नाही, पण पेरणीच्या धांदलीत कुणी लक्ष दिलं नाही. मग 5 ऑक्टोबरला वाशीमच्या कार्यक्रमातून 18 वा सोडला, गावात सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज वाजले, आबांचा नाही. नमो शेतकरीचेही दोन हप्ते नाहीत. म्हणजे दोन-दोन करत आठ हजार. दोन एकर कोरडवाहूवाल्या माणसाला रब्बीच्या तोंडावर आठ हजार म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरातल्याला सांगायला नको.

पोर्टलवर बघितलं तर ई-केवायसी ओके, जमीन ओके, आधार सीडिंगपुढे (म्हणजे आधार बँकेला जोडलंय का) येस, पेमेंटही झालेलं. पासबुकात मात्र काही नाही.

आबा एकटे बँकेत दोनदा गेले. दोन्ही वेळा एकच उत्तर, "आधार लिंक आहे बाबा, वरूनच आले नाहीत, कृषी ऑफिसला जा." कृषी ऑफिसवाले म्हणाले, आमच्याकडून गेलेत, बँकेत विचारा. मग मी पुण्याहून सुट्टी टाकून गेलो. सकाळी दहाला रांगेत उभा राहिलो, पाऊणला नंबर लागला. काउंटरवरच्या साहेबांनी आधार नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, "हे बघा, लिंक. अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, साहेब, सरकार म्हणतंय पैसे दिले, तुम्ही म्हणता आले नाहीत, मग गेले कुठे? तर म्हणाले ते आम्हाला दिसत नाही, आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. शेजारी आबा पासबुक दोन्ही हातांत धरून उभे होते आणि साहेबांना "बरं बरं" म्हणत होते, जणू चूक आमचीच होती. त्या क्षणाचा राग अजून गेलेला नाही.

उत्तर बँकेत नव्हतंच, ते आधारच्या वेबसाईटवर होतं. तिथे लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघितलं की तुमच्या आधारवर सध्या कुठली बँक मॅप आहे, चालू आहे की नाही आणि शेवटचा बदल कुठल्या तारखेला झाला ते दिसतं. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. पण लॉगिनला ओटीपी लागतो, आणि आबांच्या आधारला मोबाईल नंबर होता 2012 सालचा, जो केव्हाच बंद पडलाय. हे काम मात्र सोपं झालं, आपला पोस्टमन मशीन घेऊन घरी येतो, नंबर बदलून देतो, आमच्याकडून तेव्हा 50 रुपये घेतले. (हे आधी करून ठेवा, कुठलंही काम अडलेलं नसताना.)

नंबर बदलला, लॉगिन झालो, आणि स्क्रीनवर भलत्याच बँकेचं नाव. तारीख एप्रिल 2024 मधली, वार मंगळवार, म्हणजे आमचा आठवडी बाजार. मग आबांना आठवलं, बाजारात एका टेबलावर "झिरो बॅलन्सचं खातं काढून देतो, काही पैसे नाहीत" म्हणून दोन पोरं बसली होती, आबांनी आधार दाखवलं, अंगठा दिला आणि घरी आले. पासबुक नाही, कार्ड नाही, काही नाही. त्या अंगठ्यासरशी डीबीटीच्या संमतीवरही टिक झाली होती आणि मॅपिंग तिकडे गेलं होतं. आबांना कुणी विचारलंही नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. ज्याला वाचता येत नाही त्याची संमती अशी बाजारात गोळा करायची?

गावातल्या सेवा केंद्रात गेलो. मशीनवर ती बँक निवडून बॅलन्स बघायचा तर आबांचं बोटच उमटेना, आयुष्यभर विळा-खुरपं धरलेला हात. केंद्रवाल्या ताईंनी कोमट पाण्याने हात धुवायला लावले, कोरडे पुसले, एकेक बोट करून बघितलं, डाव्या हाताचं मधलं लागलं. बॅलन्स आठ हजार. तिथल्या तिथे काढले. त्या ताईंचे उपकार मी विसरणार नाही, रांग असताना अर्धा तास दिला त्यांनी.

पण मॅपिंग परत आणायचं राहिलंच होतं. पुन्हा तीच बँक. आता साहेब म्हणतात, त्या बँकेकडून आधार काढून घेतल्याचं पत्र आणा. कुठून आणू, त्या बँकेची शाखा आमच्या तालुक्यातच नाही! सुदैवाने पलीकडच्या टेबलावर नवीन आलेल्या मॅडम होत्या, त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, पत्र लागत नाही, संमतीच्या फॉर्मवर "दुसऱ्या बँकेतून या बँकेत बदल" असा पर्याय असतो, तिथे टिक करा आणि जुन्या बँकेचं नाव लिहा. नुसता आधार लिंकचा फॉर्म भरला तर मॅपिंग बदलत नाही. इतके दिवस आबांकडून तोच फॉर्म भरून घेत होते. चौथ्या दिवशी वेबसाईटवर आमच्या बँकेचं नाव आलं.

फॉर्मच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्या, हे सांगायचं राहिलं. आणि ओटीपी स्वतः टाका, फोनवर कुणालाही सांगू नका, मदत करणाऱ्यालासुद्धा.

मला ही डिजिटल व्यवस्था नको आहे असं अजिबात नाही. देशातलं पहिलं आधार 2010 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आज आमच्या गावातला चहावाला क्यूआर लावून बसतो आणि आबांचे पैसे कुणाच्या हाताला न लागता येतात, हे मी लहानपणी बघितलेल्या तलाठी ऑफिसच्या चकरांपेक्षा शंभर पटीने बरं आहे. म्हणूनच सांगतो, मॅपर बघायची सोय बँकेच्या काउंटरवर पाहिजे आणि तिथल्या माणसाला ती शिकवलेली पाहिजे.

24 फेब्रुवारी 2025 ला 19 वा हप्ता सुटला त्या दिवशी मी ऑफिसात फोन हातात धरूनच बसलो होतो. संध्याकाळी आबांचा फोन आला, "आपल्याच बँकेचा मेसेज हाय रं." शेजारच्या काकूंनीही त्याच टेबलावर अंगठा दिला होता म्हणे. पुढच्या रविवारी जातोय, पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवलंय.