शाडूवरचा ट्रॅकवे: मॉडेलचा खांदा लॉक केल्यावर

मंडळी, पोलंडच्या ट्रॅकवेचं (पावलांच्या ठशांच्या रांगेचं) काम बरंच पुढे सरकलंय. नवीन लोकांसाठी थोडक्यात, झाखेल्म्ये गावच्या खाणीत साधारण ३९ कोटी वर्षांपूर्वीचे चार पायांच्या प्राण्याचे ठसे आहेत, न्येज्वेत्स्की, आल्बर्ग वगैरे संशोधकांनी २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापले, सगळ्यात मोठे तब्बल २६ सेमी रुंद! आणि टिक्टालिक ३७.५ कोटींचा, म्हणजे ज्याला आपण पाय फुटू लागलेला मासा म्हणतो त्याच्याही आधी कुणीतरी तिथे चालून गेलेलं.

मी तारेच्या सांगाड्यावर एम-सील लावून प्राणी केलाय, खांदा आणि खुबा फिरतात असा, आणि ताटात शाडू थापून त्यावर तो चालवतो. कमरेतून वळवत सॅलॅमँडरसारखा (पालीसारखा दिसणारा उभयचर) चालवला की डावा-उजवा ठसा आलटून पालटून पडतो, झाखेल्म्येच्या चांगल्या ट्रॅकवेत दिसतो तसाच. मग मुद्दाम खांदा लॉक केला, कारण २०१२ मध्ये पिअर्स, क्लॅक आणि हचिन्सन या संशोधकांनी इक्थिओस्टेगा या चार पायांच्या जुन्या प्राण्याच्या हाडांचं थ्रीडी मॉडेल करून दाखवलं की त्याचे पाय तसे फिरतच नव्हते, पुढच्या दोन्ही पायांवर एकदम जोर देऊन तो अंग पुढे ढकलत असावा, आपल्या खाडीतल्या निवट्या (चिखलावर चालणारे मासे) करतात तसं. लॉक केल्यावर ठसे जोडीने शेजारी शेजारी पडले, आणि पोटाची घसट सुद्धा. झाखेल्म्येत घसट नाहीच. मला हे फार भारी वाटतं, इक्थिओस्टेगा अडीच कोटी वर्षांनी नंतरचा, तरी जे त्याला जमत नव्हतं ते या आधीच्याला जमत होतं! म्हणजे पाण्यातून जमिनीवर येणं एका सरळ रांगेत झालेलं नाही.

घसट न पडायला अजून एक कारण असू शकतं, पाणी. म्हणून मॉडेल दोऱ्याने अर्धवट टांगून चालवलं, म्हणजे उथळ पाण्याने अंग पेललंय असं, तर पोट टेकलंच नाही आणि ठसेही उथळ आले. पण नुसत्या घसट नसण्यावरून तो कोरड्यावर चालत होता असं म्हणायला मी तयार नाही.

जीवाश्म अभ्यासक स्पेन्सर लुकास तर २०१५ मध्ये म्हणाले की हे पायांचे ठसेच नाहीत, माशांनी केलेले खड्डे आहेत. सुट्या खड्ड्यांबद्दल मान्य करेन, पण डावं-उजवं असं सरळ रांगेत पडलेल्यांबद्दल मला पटत नाही.

आता शाडू कमी-जास्त ओला ठेवून बोटं कधी उमटतात ते बघायचंय. कुणी खाडीकाठी राहत असेल तर ओहोटीला चिखलावरच्या निवटीच्या मागाचे फोटो टाका ना, वरून काढलेले आणि शेजारी पट्टी ठेवून.