चातुर्मास आणि मास्टरक्लास

रविवार, रात्री

चातुर्मास लागला की आम्हा लग्नाच्या फोटोग्राफरांना वेळच वेळ. पावसाची रिपरिप थांबत नाही, पंचगंगा पात्राबाहेर, आणि राजारामपुरीतल्या दुकानात पासपोर्ट फोटोशिवाय कुणी फिरकत नाही. अशात माझ्या हाताखालच्या पोरानं विषय काढला, "दादा, मास्टरक्लासची वर्षाची वर्गणी भरू काय? ॲनी लीबोविट्झ स्वतः शिकवत्यात."

मास्टरक्लास म्हणजे नामवंत माणसं आपापली कला व्हिडिओतनं शिकवतात ती अमेरिकन वेबसाइट, आणि ॲनी लीबोविट्झ म्हणजे तिकडच्या नावाजलेल्या फोटोग्राफर. मी त्यांचा कोर्स बघितलाय. २०१५ ला ही वेबसाइट सुरू झाली तेव्हा एकेक कोर्स ९० डॉलरला सुटा मिळायचा. आता वर्षाचे पैसे भरायचे आणि कास्पारोव्हचं बुद्धिबळ, गॉर्डन रॅमसेचा स्वयंपाक, काय हवं ते बघायचं. चित्रीकरण इतकं देखणं की आमच्यासारख्यानं नुसत्या लायटिंगसाठी बघावं. ॲनीबाई कॅमेऱ्याच्या सेटिंगवर फारसं बोलतच नाहीत. जवळच्या माणसांचे फोटो काढण्याबद्दल एक भाग आहे, तो मात्र मला लागला. पोरगी सासरी निघताना रडणाऱ्या किती आया मी टिपल्या असतील. माझ्या आईचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा!

पण मला लागला, कारण एक्स्पोजर-बिक्स्पोजर हाताला बसून जमाना झाला. पोराचं दुखणं वेगळं आहे. गेल्या सीझनला कार्यालयात स्टेजवर पिवळे दिवे, समोरून व्हिडिओवाल्याचा पांढरा लाइट. शालूची जर फोटोत पार उडाली, नुसती पांढरी. वर अंतरपाट बाजूला झाला त्या क्षणी कुणाचा तरी मामा बरोबर मध्ये. हार पडेपर्यंत अर्धं मिनिट मिळतं. त्या आधीच स्टेजच्या कुठल्या कोपऱ्यात ठाण मांडायचं, हे अमेरिकेतल्या बाईंना काय ठाऊक? तालमीत डाव बघून येत नसतो, पाय कुठं चुकला ते वस्तादच धरून दाखवतो.

आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सांचा हिशोब मला सरळ वाटतो. व्याख्यानं फुकट, कुणीही बघावीत. प्रमाणपत्र पाहिजे तर परीक्षेचे हजारभर रुपये. शिकवणं एकदा रेकॉर्ड केलं की लाखांना पुरतं, परीक्षा घ्यायची तर केंद्र लागतं, माणसं लागतात. पैसे तिथं घ्यावेत.

मग नामवंतांना पैसे कशाचे द्यायचे? मला विचाराल तर निम्मे करमणुकीचे, निम्मे धक्क्याचे. धंद्यात मुरलेला, पण कुठंतरी अडकलेला माणूस असेल तर त्याला तो धक्का कामाला येतो. नवख्याला नुसतं भारी वाटतं आणि दुसऱ्या दिवशी शालूची जर पुन्हा उडतेच.

पोराला म्हटलं, भर की, पण आत्ता नको. तुळशीचं लग्न झालं की सीझन लागेल. प्रत्येक लग्नाचं मेमरी कार्ड एकही फोटो डिलीट न करता माझ्याकडं आणायचं, बसून बघू. सीझन उरकल्यावरही ॲनीबाईच पाहिजे असल्या, तर निम्मे पैसे माझे.

तर म्हणतो, "निम्मेच?"