बूस्टची उसळी आवरली. आता लक्ष टॉर्कच्या पठाराकडे

टर्बो इंजिनाच्या गाडीतील बूस्टची, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेच्या दाबाची, मागील नोंदीत सविस्तर मांडलेली उसळी अखेर आटोक्यात आली आहे. तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ३,२०० आरपीएमच्या सुमारास इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील) निरपेक्ष दाब १८० किलोपास्कलचे लक्ष्य ओलांडून २०५ वर जात असे, तिथून १७० पर्यंत कोसळत असे आणि मग हेलकावे खात स्थिरावत असे. चालकाला हा प्रकार आधी टॉर्कचा धक्का आणि पाठोपाठ खळगा असा जाणवतो, आणि वळणातून बाहेर पडताना नेमक्या त्याच क्षणी पुढची चाके पकड सोडतात.

संशय साहजिकच वेस्टगेटवर, म्हणजे टर्बाइनला (एक्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला) वळसा घालून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेवर, होता. स्प्रिंगचा प्रीलोड, नळ्यांची लांबी, वेस्टगेटला नियंत्रित करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असे सर्व तपासून झाले. दोन तोंडांचा सोलेनॉइड काढून तीन तोंडांचा बसवल्याने प्रतिसाद निश्चितच सुधारला, आणि दोन तोंडांचा मी यापुढे कोणालाही सुचवणार नाही; उसळी मात्र जशीच्या तशी राहिली. उलगडा झाला तो लॉगमध्ये पीआयडीचे (बूस्ट लक्ष्यावर ठेवणाऱ्या नियंत्रकाचे) प्रपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह हे तिन्ही घटक वेगवेगळे नोंदवल्यावर. टर्बो स्पूल होत (वेग घेत) असताना प्रत्यक्ष दाब लक्ष्याच्या बराच खाली असतो. ही तफावत इंटिग्रल साठवत राहतो, आणि दाब लक्ष्याला भिडतो तेव्हा त्या साठ्यामुळे ड्यूटी (सोलेनॉइड किती टक्के वेळ चालू असतो ते प्रमाण) वरच अडकलेली असते व वेस्टगेट बंद राहतो. साठा उतरेपर्यंत टर्बाइनने भलताच वेग घेतलेला असतो.

आता दाब लक्ष्याच्या १५ किलोपास्कल जवळ येईपर्यंत इंटिग्रल गोठवलेला असतो. ओपन लूपमध्ये (पीआयडी बंद ठेवून) स्थिर ड्यूटी देऊन घेतलेल्या लॉगवरून मूळ ड्यूटीचा तक्ता नव्याने भरला, त्यामुळे पीआयडीकडे किरकोळ दुरुस्तीच उरली. डेरिव्हेटिव्ह थोडा वाढवल्याने वेस्टगेट लक्ष्याच्या जरा आधीच उघडू लागतो. उसळी ४ किलोपास्कलवर आली, आणि ती जवळजवळ सरळ रेघ पाहण्यासाठी मी तोच लॉग विनाकारण पुन्हा पुन्हा उघडत आहे. त्या पट्ट्यातील नॉकही (सिलिंडरमधील अनियंत्रित ज्वलन) थांबले, म्हणून तेथे सावधगिरीने मागे घेतलेले २ अंशांचे टायमिंग (ठिणगीची वेळ) परत दिले. लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त) पूर्ण भारावर ०.८२ च आहे.

पाचव्या गिअरचे काम बाकी आहे. तेथे इंजिनचा वेग सावकाश वाढत असल्याने टर्बोला स्पूल होण्यास अधिक वेळ मिळतो आणि बूस्ट कमी आरपीएमलाच येतो. त्यासाठी गिअरनिहाय तक्ता लागेल. मात्र थेट इंजेक्शनच्या या इंजिनात २,००० आरपीएमच्या खाली पूर्ण बूस्ट मागण्याचा मोह टाळणार आहे, कारण कमी वेग व जास्त भार या स्थितीतील अकाली ज्वलन पिस्टन फोडू शकते.

पुढे मोठे कंप्रेसर व्हील (इंजिनात हवा दाबणारे टर्बोचे चाक) बसवण्याचा बेत होता. परंतु हे लिहिताना आकडे मांडून पाहिले: ५,००० आरपीएमला ३०० न्यूटन-मीटर आणि ६,००० ला २५० न्यूटन-मीटर, दोन्ही ठिकाणी शक्ती १५७ किलोवॉटच भरते. म्हणजे वरच्या टोकाला टॉर्क या प्रमाणात ओसरला तरी शक्ती टिकते. माझ्या आलेखात तो याहून वेगाने ओसरतो आहे. दोष कंप्रेसरचाच आहे असे गृहीत धरण्याऐवजी टर्बाइनच्या आधी दाबाचा सेन्सर बसवून एक्झॉस्टमधील प्रतिदाब मोजणे अधिक शहाणपणाचे वाटते. तो मॅनिफोल्डच्या दाबाच्या दुपटीपलीकडे जात असेल, तर आधी टर्बाइन हाउसिंग (टर्बाइनचे कवच) बदलेन आणि कंप्रेसरला तूर्त हात लावणार नाही.