गच्चीवरचा दुधी : जून ते सप्टेंबरच्या नोंदी

यंदा दुधीचे दोन वेल लावले, दोन्ही २० इंची ग्रो बॅगेत. माती, शेणखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. बी रात्रभर भिजवून १२ जूनला टोकलं. सहाव्या दिवशी दोन जाड बीजपत्रं वर आली. वेल मांडवाला लागल्यावर शेंडा खुडला, मग बगलफुटीचाही (पानाच्या बगलेतून फुटलेल्या फांदीचाही) खुडला; आपलं नेहमीचं थ्री-जी कटिंग, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्या फुटाव्यात म्हणून केलेली खुडणी. मुख्य वेलावर नर फुलंच जास्त येतात, मादी फुलं बगलफुटींवर, म्हणून ही खटपट.

२४ जुलै. पहिलं नर फूल. लांब, बारीक देठ आणि पांढऱ्या, चुरगळलेल्या मलमलीसारख्या पाच पाकळ्या. भिंगातून आत पाहिलं तर परागकोश, म्हणजे पराग धरणाऱ्या पिशव्या, एकमेकांना बिलगलेले, वळणावळणांचे, जणू एवढ्याशा जागेत लांब पट्टी घडी घालून बसवलीय. याच काळात पानाच्या देठाशी, पातं सुरू होतं तिथे, दोन बारीक गाठी दिसल्या. मुंग्या तिथेच घुटमळत होत्या. या मधुग्रंथी, फुलाबाहेरही वेल गोडवा देतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

२ ते १० ऑगस्ट. पाच मादी फुलं आली आणि पाचही गेली. खालची बोटभर दुधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळी पडायची आणि गळायची. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रव खत) दिलं, पाणी कमी करून पाहिलं, काही फरक नाही. शेवटी गळलेलं पाचवं फूल ब्लेडने उभं चिरलं, आणि या हंगामात सगळ्यात जास्त मी तिथेच शिकलो.

फुलाखालची ती लव असलेली चिमुकली दुधी म्हणजे फळ नव्हेच, तो अंडाशय. दुधीत तो पाकळ्यांच्या खाली असतो, म्हणून फूल उमलायच्या आधीपासून फळ धरल्यासारखं वाटतं आणि आपण फसतो. आत पांढरी, नाजूक बीजांडं, ज्यांच्या पुढे बिया होतात, ओळीने बसलेली होती. वर आखूड दांडी, म्हणजे कुक्षीवृंत, त्यावर पराग झेलणारी तीन टोकं, म्हणजे कुक्षी, प्रत्येक दुभंगलेली. एरवी परागकण चिकटले की प्रत्येकातून परागनलिका निघून कुक्षीवृंतातून बीजांडापर्यंत उतरते. इथे कुक्षींवर पिवळा कणही नव्हता. बीजच धरलं नाही तर वेलाने त्या अंडाशयाला का पोसावं? खताचा प्रश्न नव्हताच.

चूक वेळेची होती. कारलं आणि लाल भोपळा सकाळी उमलतात, म्हणून मी ब्रश घेऊन सातला वर जायचो. दुधी उमलतो संध्याकाळी. त्या पिवळ्या भाऊबंदांपेक्षा हा वेगळा, पांढरा, कारण त्याचे पाहुणे अंधारात येणारे पतंग. सकाळपर्यंत पाकळ्या मान टाकतात. आमच्या चौथ्या मजल्यावर दिव्यांच्या झगमगाटात पतंग फारसे फिरकत नाहीत, आणि मधमाश्या येईपर्यंत फूल मिटलेलं असतं.

११ ऑगस्टपासून संध्याकाळी साडेसहाला वर जायला लागलो. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि परागकोश तिन्ही कुक्षींवर हलक्या हाताने फिरवायचा. ब्रशपेक्षा हे बरं, ब्रशच्या केसांत निम्मे पराग अडकून राहतात. एका मादी फुलाला मी दोन नर फुलं वापरतो. पाऊस असेल तर वर कागदाची टोपी. नऊ फुलांपैकी सहा धरली. धरलेलं ओळखायची खूण म्हणजे तिसऱ्या दिवशी देठ जाड होतो आणि दुधी खाली झुकते.

त्यातली एक एका अंगाला वाकली. त्या संध्याकाळी सर आली आणि मी घाईत एकाच कुक्षीला पराग लावून पळालो होतो. चिरली तेव्हा फुगलेल्या बाजूला टपोऱ्या बिया, खोलगट बाजूला पोचट. बिया धरतात तिथून वाढीची संप्रेरकं निघतात, त्यामुळे गरही त्याच बाजूला भरतो. बाजारातली वाकडी दुधी आता मी थांबून बघतो.

परवा एका मित्राने विचारलं, शेजारी कडू दुधीचा वेल असला तर आपली दुधी कडू होईल का? यंदाची नाही. गर आणि साल अंडाशयाच्या भिंतीपासून होतात, म्हणजे आईच्याच. बाप उतरतो फक्त बियांत, म्हणून कडूपणा दिसेल तो त्या बिया पेरल्यावर. तरीही प्रत्येक दुधीचा तुकडा चाखूनच चिरा. कडू लागली तर पूर्ण टाकून द्या, रस तर मुळीच काढू नका. तो कडूपणा खरंच विषारी असतो.

फळमाशीने दोन कोवळी फळं डंख मारून घालवली. आता परागीकरणानंतर दुसऱ्याच दिवशी कागदी पिशवी चढवतो.

२० सप्टेंबर. चार दुध्या खाऊन झाल्या. आता बियाण्यासाठी एक फळ राखायचंय. समोरच्या गच्चीवर लांबट जातीची दुधी आहे, माझी गोल. तिचे पराग येऊ नयेत म्हणून आज दुपारी चारला, आजच संध्याकाळी उमलणाऱ्या दोन नर कळ्या आणि एक मादी कळी टोकाशी दोऱ्याने बांधली. साडेसहाला तिन्ही सोडल्या, पराग लावले आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकलं. देठाला लाल लोकर गुंडाळलीय, चुकून कोणी भाजीला तोडू नये म्हणून.