चंद्रतालला जाताय? मग स्पितीकडून या

हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याला मनालीहून थेट जाऊ नका, ही पहिली विनंती. मनाली साधारण २,००० मीटरवर, तळं जवळपास ४,३०० मीटरवर. अटल बोगद्यामुळे हा पल्ला आता एका दिवसात होतो, पण शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. दर रविवारी सह्याद्रीतले गड चढणाऱ्यांनाही विरळ हवा सोडत नाही. आम्ही शिमला-किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझा गावी आलो, तिथे मुक्काम केला आणि कुंझुम खिंड ओलांडून उतरलो. शेजारच्या तंबूतली मंडळी त्याच दिवशी मनालीहून आली होती. डोकं धरून रात्रभर बसून होती बिचारी.

गाडी लावून पुढे चालत जावं लागतं. तळं पटकन दिसत नाही, कारण बुटकी टेकडी आड येते. या टेकडीमुळेच तर तळं आहे! पूर्वी इथे हिमनदी होती. आता पूर्वेला कुंझुमची रांग, पश्चिमेला ही टेकडी आणि मधल्या खोलगटात पाणी. टेकडीवर चढून पलीकडे जरूर बघा, खाली चंद्रा नदी पसरलेली दिसते. तळ्यात येणारा मोठा ओढा आम्हाला कुठेच सापडला नाही. बर्फाचं पाणी बरंचसं जमिनीखालूनच झिरपत येतं. बाहेर पडणारा प्रवाह मात्र स्पष्ट दिसतो. तो चंद्रेला मिळतो, आणि पुढे तांदीला भागा येऊन मिळाली की तीच चिनाब.

बहुतेक लोक पहिल्या काठावर फोटो काढून परततात. तसं करू नका, पूर्ण फेरी मारा. सकाळी वारा नसताना काठाजवळचे चपटे दगड तळापर्यंत दिसतात. ढग आला की निळं पाणी क्षणात हिरवट-करडं होतं. पाण्यात उतरू नका. २००५पासून ही रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तंबूही म्हणूनच दूर हलवलेत. कचरा परत न्या.

टाकी काझालाच भरा आणि रोख रक्कम जवळ ठेवा. तळ्यावर मोबाइलला रेंज नसते, घरी आधीच सांगून ठेवा. परतताना मनालीच्या वाटेवर बातलहून ग्राम्फूकडे सकाळी लवकर निघा. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढतं. जुलै २०२३मध्ये भर उन्हाळी हंगामात बर्फ पडून शेकडो पर्यटक चंद्रतालला अडकले होते, तेव्हा परतीचं तिकीट एक-दोन दिवस हाताशी ठेवूनच काढा.