मतपत्रिका आली, पण राष्ट्राध्यक्ष गायब

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवताना फॉर्मवर एक प्रश्न असतो, तो भारतातून आलेल्या माणसाला जरा अंगावर येतो: तुमचा पक्ष कोणता? सरकारी कागदावर, राजरोस. आपल्याकडे बूथबाहेर टेबल टाकून बसलेला कार्यकर्तासुद्धा असं थेट तोंडावर विचारत नाही. मी २०१९ मध्ये नागरिक झाले. शपथविधीच्या सभागृहाबाहेरच नोंदणीची टेबलं मांडलेली होती, तिथे उभ्याउभ्या फॉर्म भरला आणि ‘नो पार्टी प्रेफरन्स’वर खूण केली. इथे सगळे त्याला एनपीपी म्हणतात. कुठल्याच पक्षाशी मला सोयरीक जोडायची नव्हती आणि आजही नाही. पण या एका खुणेमुळे पुढे काय काय होतं, हे २०२०च्या प्रायमरीत कळलं.

कोल्हापूरहून आईचा फोन आला की तिला इथल्या निवडणुकीत भारी रस. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “अगं, पण तिकीट कोण देतं?” प्रायमरी म्हणजे नेमकं तेच. आपल्याकडे तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत ठरतं आणि नाराज झालेला अपक्ष अर्ज भरतो. इथे पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं यासाठी सामान्य मतदारच आधी मत देतात, सरकारी यंत्रणा ते मतदान घेते, खरी निवडणूक नंतर नोव्हेंबरात. मात्र या तिकिटाच्या मतदानात कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, यात पक्षाचा शब्द चालतो. आणि राज्य बदललं की नियम बदलतो.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या शेजारी सनीव्हेलला. इथे २०२० साली डेमोक्रॅटिक, लिबर्टेरियन आणि अमेरिकन इंडिपेंडंट या तीन पक्षांनी एनपीपी मतदारांना आपल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत यायची मुभा दिली होती. रिपब्लिकन पक्षाने दिली नव्हती. तिथे मत द्यायचं तर आधी त्या पक्षाचे म्हणून नाव नोंदवा. आणि मुभा असली तरी मतपत्रिका आपणहून येत नाही. आधी पोस्टकार्ड येतं, त्यावर या तिघांपैकी कोणाची हवी ते लिहून परत पाठवायचं. त्याच सुमारास आम्ही घर बदललं होतं. ते कार्ड जुन्या पत्त्यावर गेलं की आणखी कुठे, देव जाणे. मला मिळालं नाही.

फेब्रुवारीत जाडजूड पाकीट आलं. आमच्या सँटा क्लारा काउंटीने त्या वर्षीपासून सगळ्याच मतदारांना घरपोच मतपत्रिका पाठवायला सुरुवात केली होती. जेवणाच्या टेबलावर उघडून बसले. न्यायाधीश आहेत (हो, इथे तेही निवडून द्यावे लागतात), राज्याच्या सभागृहाचे उमेदवार आहेत, शाळांसाठी १५ अब्ज डॉलर्सचे कर्जरोखे काढायचा प्रस्ताव क्रमांक १३ आहे. काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, डेमोक्रॅट रो खन्ना आहेत आणि रिपब्लिकन रितेश टंडनही आहेत, एकाच रकान्यात. राष्ट्राध्यक्ष मात्र कुठेच नाही. उलटून पाहिलं. पाकिटात हात घालून आणखी एखादा कागद राहिलाय का तेही पाहिलं. नवरा तेव्हा ग्रीन कार्डवर होता, मत नाही पण मतं भरपूर. तो म्हणाला, “एवढी मोठी निवडणूक आणि मुख्य माणूसच विसरले?”

विसरले नव्हते. खन्ना आणि टंडन एका रकान्यात दिसत होते, कारण २०१० साली इथल्या मतदारांनी कौल देऊन प्रायमरी सगळ्यांना खुली केली: पक्ष कुठलाही असो, सगळे उमेदवार एकत्र आणि पहिले दोन नोव्हेंबरात समोरासमोर. (ते दोघंच पुढे गेले.) राष्ट्राध्यक्षपद यातून वगळलेलं आहे, कारण ती जागा भरायची निवडणूक नाही, पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी, म्हणजे डेलिगेट, कोणाचे किती जाणार एवढंच तिथे ठरतं. १९९६ मध्ये लोकांनी प्रायमरी सरसकट खुली करायचा प्रयत्न केला होता. पक्ष कोर्टात गेले आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उडवला: आपला उमेदवार ठरवताना बाहेरच्यांना घरात घ्यायची सक्ती पक्षावर करता येत नाही. मला हे पटलं. तुमचं घर, तुमचा उंबरठा. पण मग त्या मतदानाचा खर्च माझ्या करातून का, हा प्रश्न काही जात नाही.

उपाय अवघड नव्हता. आलेली मतपत्रिका न भरता व्होट सेंटरवर न्यायची आणि बदलून ‘क्रॉसओव्हर’, म्हणजे मुभा देणाऱ्या पक्षाची, मतपत्रिका मागायची. मी मुद्दाम थांबले. मतदान ३ मार्चला, सुपर ट्युसडेला, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत प्रायमरी असते त्या मंगळवारी, आणि उमेदवार रोज गळत होते. आमच्या मंडळातल्या एका काकांनी उत्साहाने पहिल्याच आठवड्यात डेमोक्रॅटिक उमेदवार पीट बुटिजेजना मत देऊन पाकीट पेटीत टाकलं. बुटिजेज १ मार्चला, मतदानाच्या दोन दिवस आधी, शर्यतीतून बाहेर पडले. एकदा पाठवलेलं मत परत मागता येत नाही. काका अजून त्यावरून चिडतात.

मी सोमवारी, २ तारखेला गेले. समाजमंदिरासारखा मोठा हॉल, रांग दाराबाहेर. कोरोनाची कुजबुज सुरू झाली होती, टेबलावर सॅनिटायझरची बाटली होती आणि लोक आपापलं पेन घेऊन आले होते. रांगेत पुढच्या बाईंनी फोन पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, एमी क्लोबुचरही शर्यतीतून गेली. दोन माणसांनी हातातले कागद खाली केले आणि पुन्हा विचार करायला लागले.

टेबलामागे सत्तरीचे एक गृहस्थ. माझं नाव त्यांनी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारून पाहिलं आणि शेवटी मीच स्क्रीनवर बोट ठेवलं. मी म्हटलं, राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचंय. ते म्हणाले, तुम्ही एनपीपी आहात, तुमच्या मतपत्रिकेवर ते नाही. मी म्हटलं, डेमोक्रॅटिक क्रॉसओव्हर बॅलट द्या. हे तीन शब्द म्हटले मात्र, सूत्रं हलली. जुनी मतपत्रिका त्यांनी काढून घेतली, तिच्यावर आडवं ‘रद्द’ लिहिलं, मशीनमधून नवी छापून आली. मी डेमोक्रॅट झाले का, असं विचारलं तर ते हसून म्हणाले, “फक्त आजच्या दिवसापुरतं.” पण मी ते तीन शब्द घरून पाठ करून गेले होते. शेजारच्या टेबलावर एक तरुण मुलगा तसाच आपली कोरी एनपीपी मतपत्रिका घेऊन मतदानाच्या आडोशाकडे निघाला होता, त्याला मीच हटकलं.

भाषेचा एक चांगला प्रकार इथे आहे. आमच्या काउंटीत चिनी, व्हिएतनामी, स्पॅनिश, अशी बऱ्याच भाषांत मदत मिळते आणि त्यात हिंदीही आहे. एक हिंदी पुस्तिका चाळून पाहिली. इतकी शुद्ध की इंग्रजीच बरी वाटली.

नव्या मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक उमेदवारांची लांबलचक यादी होती, बुटिजेज आणि क्लोबुचर दोघंही त्यात जसेच्या तसे. छापलेलं नाव पुसलं जात नाही.

मत कोणाला दिलं ते सांगत नाही, पण माझ्या उमेदवाराला राज्यभरात १५ टक्के मिळाले नाहीत, आणि डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या खाली म्हणजे डेलिगेटच्या वाटपात हाती शून्य. हा हिशेब राज्यासाठी एकदा आणि प्रत्येक काँग्रेस मतदारसंघासाठी वेगळा होतो. म्हणून एलिझाबेथ वॉरन आणि मायकेल ब्लूमबर्ग राज्यभरात रेषेखाली राहिले तरी काही मतदारसंघांच्या जोरावर त्यांना अनुक्रमे ११ आणि ७ डेलिगेट मिळालेच. एकूण ४१५ पैकी बर्नी सँडर्सना २२५, बायडन यांना १७२. आमचं राज्य सँडर्सनी जिंकलं, पण त्याच दिवशी मतदान झालेल्या १४ राज्यांपैकी १० बायडन यांनी नेली. राज्यातल्या नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ४७ टक्क्यांनीच मतदान केलं. बाकीच्यांपैकी किती जण माझ्यासारखेच पाकीट उलटंपालटं करून गप्प बसले असतील, ते कोण मोजणार?

डॅलसच्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं तर तिला खरंच वाटेना. टेक्ससमध्ये नोंदणीत पक्षाचा रकानाच नाही. केंद्रावर जायचं, हव्या त्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची. अट एवढीच की पुढे फेरमतदान झालं तर त्याच पक्षात द्यायचं. दुसरं टोक न्यूयॉर्कचं. तिथे २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपली होती, त्यामुळे ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नव्हतं. ते ऐकल्यावर मला माझं पोस्टकार्ड फारच किरकोळ वाटलं.

इथे नवीन नागरिक झालेल्यांना एक गोष्ट मी आवर्जून सांगते. फॉर्मवर ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ असं दिसलं की लोकांना वाटतं, आपण स्वतंत्र, चला, खूण करा. तो एक पक्ष आहे, १९६८ मध्ये वंशभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस त्याचे उमेदवार होते. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या पाहणीत या पक्षाच्या चारपैकी जवळपास तीन मतदारांना आपण त्यात आहोत याचा पत्ताच नव्हता.

२०२४ ला पोस्टकार्ड वेळेवर आलं. या वेळी अडचण माझ्या एका मैत्रिणीची झाली. तिला निकी हेलींना मत द्यायचं होतं आणि रिपब्लिकनांचं दार आपल्यासारख्यांना अजूनही बंदच. तिने रीतसर पक्ष बदलला, ५ मार्चला मत दिलं, ६ तारखेला हेली बाहेर पडल्या. मैत्रीण अजून कागदोपत्री रिपब्लिकन आहे आणि दर आठवड्याला पक्षाकडून तिला देणगीची पत्रं येतात. नाव बदलून घे म्हटलं तर म्हणते, राहू दे गं, पुढच्या वेळी पुन्हा कोण फॉर्म भरत बसणार.